चेंबरमध्ये सापडलेली चंद्रकोर

गाडीच्या इंजिनातलं ऑइल काढलं, चेंबर म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं खाली उतरवलं आणि तळाच्या काळ्या गाळात बोटं फिरवली तर हाताला एक तुकडा लागला. चिंधीनं पुसून ट्यूबलाइटखाली धरला. अर्धगोल, पातळ, आजी कपाळाला लावायची तशी चंद्रकोर, पण एका अंगानं इतकी झिजलेली की कडेला ब्लेडसारखी धार आलेली. बाबा शेजारी स्टुलावर बसले होते, त्यांनी तो तुकडा घेतला, चष्मा कपाळावर चढवला, दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाले, "थ्रस्ट वॉशर आहे रे हा." मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

गाडी म्हणजे ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची स्पिटफायर, मार्क टू, १९६५ चं मॉडेल. दोन सीट, वर कापडी हूड, ११४७ सीसी, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ६७ हॉर्सपॉवर. बाबांनी १९८४ साली राजमहाल रोडवरच्या एका बंगल्यातून घेतली, तेव्हा ती चिंचेच्या झाडाखाली चार वर्षं उभी होती. बाबा बडोद्याच्या कलाभवनचे, म्हणजे इथल्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेचे, ड्राफ्ट्समन, हाताला शिस्त आणि डोळ्याला माप. त्या काळात बडोद्यात स्पिटफायरचे पार्ट कुठून मिळणार, पण बाबांना एक गोष्ट ठाऊक होती, की स्पिटफायर ट्रायम्फच्याच हेराल्ड या गाडीच्या चासीवर बेतलेली आहे, आणि हेराल्ड तर आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून बनत होती. पुढच्या सस्पेन्शनचे बरेचसे पार्ट त्यामुळे भंगारात पडलेल्या हेराल्डमधून निघायचे. मी सहा-सात वर्षांचा असताना बाबांनी मला पहिलं काम शिकवलं ते हेच, की पुढच्या चाकाच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या सांध्यात, ग्रीस भरायचं नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं, ग्रीस भरलं तर आतले आटे कोरडे राहतात आणि एक दिवस चाक मोडून पडतं. लोक आजही तिथे ग्रीसच मारतात.

तर थ्रस्ट वॉशर. क्लच दाबला की त्याचा सगळा जोर क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला, पुढे ढकलतो. तो जोर झेलायला मागच्या मेन बेअरिंगच्या दोन अंगांना हे दोन अर्धे वॉशर बसवलेले असतात, बाकी काही नाही. ते झिजत गेले की क्रँक पुढेमागे सरकायला लागतो, आणि फारच झिजले की खाली पडतात, मग क्रँक सरळ ब्लॉकला घासतो. तपासणं अगदी सोपं आहे, एकानं क्लच दाबायचा, दुसऱ्यानं समोरून क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या पुलीकडे बघायचं. क्रँकचा हा खेळ ०.१ ते ०.२ मिलिमीटर असायला हवा, म्हणजे डोळ्यांना दिसताच कामा नये. आमची पुली दीड-दोन मिलिमीटर पुढे येत होती, म्हणजे कोणालाही दिसली असती, पण मी दोन वर्षं बघितलंच नाही. शिवाय सिग्नलला गिअरमध्ये ठेवून क्लचवर पाय दाबून उभं राहायची माझी सवय, त्यानं तो वॉशर खाल्ला. ही चूक माझी आहे आणि ती मला अजून बोचते. ब्लॉकच्या मागच्या मेनचा चेहरा पूर्ण खरवडला गेला होता, बोट फिरवलं तर नांगरलेल्या जमिनीसारखं लागत होतं.

इंजिन बाहेर निघालं ते २०२२ च्या पावसाळ्यात, आणि गाडी कापडाखाली गेली.

मग २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये ट्वेंटी वन गन सॅल्यूट या संस्थेचा विंटेज गाड्यांचा मोठा सोहळा झाला, बाबांना घेऊन गेलो होतो. एकेक गाडी काय ठेवलेली होती, क्रोमवर हिरवळीचं प्रतिबिंब दिसावं अशी. बाबा सगळं बघत होते पण जास्त बोलत नव्हते, आणि परत येताना रिक्षात एवढंच म्हणाले की उभ्या गाडीची टायरं एकाच जागी चपटी होतात, अधूनमधून थोडी ढकलत जा रे. त्या रात्री मी ठरवलं की ही गाडी परत चालली पाहिजे, आणि बाबांच्या डोळ्यांदेखत चालली पाहिजे, त्यांचं तेव्हा अठ्ठ्याहत्तरावं सुरू होतं.

सरळ रस्ता म्हणजे इंग्लंडहून दुसरा ब्लॉक मागवायचा, जुन्या ट्रायम्फचे पार्ट तिकडे अजून चांगले मिळतात. पण ब्लॉक, क्रँक, जहाजाचं भाडं, कस्टम ड्यूटी हे सगळं एकदम झेपणारं नव्हतं, आणि वेळही लागणार होता. हेराल्डचं इंजिन बसलं असतं, त्याच घराण्यातलं, पण आपल्या इंडियन हेराल्डचं ९४८ सीसी, म्हणजे गाडी होती त्याहून अशक्त झाली असती. मग प्रीमियर ११८ एनई चं इंजिन डोक्यात आलं, एनई म्हणजेच निस्सान इंजिन, ११७१ सीसी, दणकट माल आहे आणि बाहेर लोकांनी हे निस्सानचं इंजिन छोट्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बसवलेलंही आहे. एक बघून पण आलो. पण तेही ओतीव लोखंडाचंच, म्हणजे जडच.

शेवटी जिप्सी. मारुती जिप्सी किंगचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल घेणारं इंजिन, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८० हॉर्सपॉवर, ब्लॉक आणि हेड दोन्ही अल्युमिनियमचे. मुख्य म्हणजे जिप्सीत ते उभं बसतं, म्हणजे मारुतीच्या बाकीच्या बऱ्याच गाड्यांसारखं आडवं नाही, आणि त्याच्या मागे पाच गिअरचा बॉक्स असतो ज्यातून एक छोटा शाफ्ट निघून फोर व्हील ड्राइव्हच्या वेगळ्या डब्याला जातो. तो डबा सोडून दिला की उरतं ते नेमकं मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला लागतं तसंच. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांचेच, म्हणजे मधे अडॅप्टर प्लेटची भानगडच नाही. हे कळलं त्या दिवशी मी रात्री अकरा वाजता उठून वहीत चित्र काढत बसलो होतो.

बाबांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "काय वाटेल ते बसव, पण गाडीचा पत्रा कापायचा नाही, चासीला एक भोकसुद्धा पाडायचं नाही. उद्या जुनं इंजिन परत बसवायचं म्हटलं तर रविवारच्या रविवारी बसलं पाहिजे." ही अट मला त्या वेळी जड वाटली, आणि आज वाटतं की सगळं काम त्या अटीमुळेच नीट झालं.

इंजिन-गिअरबॉक्स भंगारवाल्याकडून मिळाले, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आलं तेव्हाच पैसे मोजले. काम घरीच, वाघोडिया रोडला, पोर्चमध्ये. चेन कप्पी आणि लोखंडी घोडी एका मित्राच्या कारखान्यातून आणली. स्पिटफायरवर काम करायला एक मोठं सुख आहे, की तिचं पूर्ण बॉनेट, दोन्ही मडगार्डांसकट, पुढे उलटतं, मग तुम्ही सरळ पुढच्या टायरवर बसून इंजिनात हात घालू शकता. आणि गिअरबॉक्स खालून नाही, आतून निघतो, सीटच्या मधला बोगदा म्हणजे फक्त स्क्रूंनी बसवलेलं झाकण आहे. म्हणून जिप्सीचा मोठा गिअरबॉक्स बसवायला काही कापावं लागलंच नाही, नवीन झाकण फायबरचं ओतलं आणि जुनं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

माउंटिंगला दीड महिना लागला. चासीवर ट्रायम्फची मूळ भोकं आहेत तीच वापरायची, म्हणून मधे बसणारे ब्रॅकेट बनवायचे, एका टोकाला ट्रायम्फची भोकं, दुसऱ्या टोकाला जिप्सीचं रबर. इंजिन कप्पीवर टांगून ठेवलं, खाली लाकडाचे ठोकळे, आणि लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे नमुने कापत बसलो, चौदावा नमुना बरोबर बसला. इंजिन अर्धा इंच मागे सरकवलं तर हीटरच्या पत्र्याला लागतं, पुढे सरकवलं तर चेंबर स्टिअरिंगच्या रॅकवर टेकतो, आणि वर उचललं तर बॉनेट बंद होत नाही. शेवटी चेंबर आणि रॅक यांच्यात बोटभर जागा राहिली, बॉनेटखाली करंगळीएवढी. पुठ्ठा घेऊन मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो, तिथले लेथवाले काका गुजराती, तीस वर्षांची ओळख, त्यांनी पुठ्ठा उजेडात धरून बघितला आणि "थई जशे" म्हणाले, आणि सहा एमएमच्या प्लेटमध्ये असं काम करून दिलं की कानस लावायची गरज पडली नाही. बडोद्यात मकरपुरा आहे म्हणून आमच्यासारख्यांची अशी कामं होतात, हे मी मनापासून सांगतो.

प्रोपेलर शाफ्टबद्दल, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याबद्दल, जरा नीट लिहितो कारण इथे लोक चुकतात. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे कोनात फिरू देणारे सांधे. क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात वेग किंचित कमी-जास्त होतो, हे दिसत नाही पण होतं, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तरच तो फरक तिथे भरून निघतो. म्हणजे गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पुढचा शाफ्ट एकमेकांना समांतर पाहिजेत, एकाच रेषेत असायची गरज नाही. मी मोबाइलमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपनं मोजलं, बाबांनी त्यांच्या जुन्या ड्रॉइंगच्या कोनमापकानं आणि ओळंब्यानं मोजलं, आणि दोघांत अर्ध्या डिग्रीचा फरक आला. बाबांचं बरोबर निघालं, माझ्या मोबाइलच्या कव्हरची एक कड जाड होती. मग गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटिंगखाली तीन एमएमची पट्टी घालून कोन जुळवला. शाफ्ट पुढून जिप्सीची फ्लँज, मागून ट्रायम्फची, मधे नवीन नळी.

क्लच जिप्सीचा केबलवर, ट्रायम्फचा ऑइलवर. पॅडल तसंच ठेवून ट्रायम्फचाच स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबानं हलणारा छोटा सिलिंडर, एका ब्रॅकेटवर लावला आणि तो जिप्सीच्या क्लचची दांडी ओढेल असा जोड केला. एका संध्याकाळचं काम.

वायरिंग मात्र माझ्या मुलीनं आणि मी मिळून केलं, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. जिप्सीचा हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, जेवणाच्या टेबलावर पसरला, सहा दिवस आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसून जेवलो. ती अकरावीत आहे, सायन्सला. मी मल्टीमीटरनं वायर शोधायचो आणि ती मास्किंग टेपवर नाव लिहून चिकटवायची, मराठीत, "पाण्याचं तापमान", "क्रँक कुठे आहे", "इंजेक्टर तीन", "थ्रॉटल किती उघडा". लाइट, हॉर्न, एसी, फोर व्हील ड्राइव्ह या सगळ्याच्या वायरी बाजूला काढल्या, इंजिनाच्या तेवढ्या ठेवल्या. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट, मार्क टू पर्यंत स्पिटफायरला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. १९६७ च्या मार्क थ्री पासून ते उलटं केलं गेलं. जिप्सीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, त्या जुन्या पद्धतीत एका क्षणात जळाला असता. म्हणून आधी गाडीच्या बॅटरीची जोडणी उलटी केली, जुना डायनॅमो काढून जिप्सीचा अल्टरनेटर घेतला, वायपरची मोटर तपासली, आणि बॅटरीजवळ मुलीनं लाल पेननं लिहिलेली पाटी लावली, "मायनस बॉडीला!!" आजही लावलेली आहे.

पेट्रोलचं असं, की जुन्या एसयू कंपनीच्या दोन कार्ब्युरेटरना जरासं प्रेशर पुरायचं, एमपीएफआयला अडीच-तीन बार लागतं आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जायला नळी लागते. टाकीला भोक पाडायचं नाही ही अट होतीच. मग फ्लोटचं जे गोल झाकण असतं टाकीवर, तसंच दुसरं झाकण पितळेचं बनवून घेतलं आणि परतीची नळी त्यात बसवली. ही युक्ती बाबांची. मूळ झाकण त्याच्या सहा स्क्रूंसकट एका डबीत, डबीवर तारीख.

काही गोष्टी राहूनही गेल्या. जिप्सीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून नाही, फोर व्हीलच्या त्या वेगळ्या डब्यातून निघते, आणि तो डबा तर आपण सोडला. आणि स्पिटफायरचा आरपीएमचा काटा डिस्ट्रिब्युटरमधून केबलनं फिरायचा, तोही गेला. स्पीडसाठी प्रोपेलर शाफ्टच्या बोल्टवर सेन्सर लावून एक छोटा डिजिटल मीटर बसवलाय. आरपीएमचा काटा अजून शून्यावर आहे, त्या जुन्या घड्याळाला आतून इलेक्ट्रॉनिक करायचं मनात आहे पण त्याला हात लावायला धीर होत नाही.

मधे नवरात्र आलं, नऊ दिवस काम बंद, बडोद्यात त्या दिवसांत पाना हातात घेणं शक्यच नाही. आणि नवरात्र संपल्यावर दुसऱ्याच रविवारी रात्री इंजिन पहिल्यांदा चालू झालं. तीन वेळा सेल्फ मारला, काही नाही. मुलीनं टॉर्च घेऊन बघितलं तर पंपाच्या रिलेची एक वायर सैल होती. चौथ्या वेळी लागलं. सायलेन्सर अजून बसवला नव्हता, सगळी सोसायटी गॅलरीत आली, शेजारचे काका बनियनवर खाली आले आणि त्यांनी तक्रार नाही केली, बॉनेटच्या बाजूला हात बांधून उभे राहिले. आम्ही पंधरा सेकंदांत बंद केलं. मग सगळ्यांना घेऊन सेव-उसळ खायला गेलो.

आता कायद्याचं, कारण हे कोणी सांगत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय गाडीत असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए सिरीजचा विंटेज नंबर मिळतो, फी वीस हजार, पण गाडी मूळ रूपात पाहिजे. म्हणजे आमची गाडी या इंजिनावर विंटेज नंबरला बसत नाही, जुन्यावर बसेल. मी अर्ज केलाय, उत्तर येईपर्यंत गाडी रस्त्यावर आणलेली नाही, आणि नाही म्हणाले तर हे इंजिन उतरवून ठेवीन. हे मी शांतपणे लिहू शकतो ते बाबांच्या त्या अटीमुळे. गाडीचा एक मिलिमीटर पत्रा कापलेला नाही. जुना ब्लॉक तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जिन्याखाली लाकडी पाटावर ठेवलाय, आणि दुसऱ्या ब्लॉकसाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला पडतायत. ज्यांना कोणाला घरच्या जुन्या गाडीत इंजिन बदलायचंय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी चार रात्री पुठ्ठा कापा. पत्रा एकदा गेला की गेला, त्या काळचा पत्रा परत मिळत नाही.

गाडी चालवली ती मकरपुऱ्याला मित्राच्या कारखान्याच्या आवारात, सुट्टीच्या दिवशी, गेट बंद करून. टेम्पोतून नेली. आवार मोठं आहे, शेडच्या भोवतीनं पूर्ण फेरी मारता येते. पुढचं वजन कमी झाल्याचं पहिल्या वळणालाच हाताला कळलं, स्टिअरिंग आधी जड होतं ते आता दोन बोटांनी फिरतं. पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.७९५ आहे, हायवेला इंजिन पूर्वीपेक्षा वीस टक्के कमी फिरेल, पण पाचवा टाकण्याएवढी जागाच तिथे नाही. आणि मी मुद्दाम जोरात वळवली नाही. या गाडीच्या मागच्या चाकांना स्विंग अ‍ॅक्सल आहे, वळणात भीतीनं एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग उचलतो, चाकं खाली आत दुमडतात आणि गाडी गरकन फिरते. कंपनीनं हे १९७० च्या मार्क फोरमध्ये स्प्रिंग बदलून सुधारलं, आमच्या गाडीत ते नाही. म्हणून ८० हॉर्सपॉवरच्या वर मी जाणार नाही, मला टर्बोबद्दल विचारू नका.

दोन फेऱ्या झाल्यावर बाबांना बसवलं. ते पूर्ण फेरीभर दरवाजाच्या कडेवर हात ठेवून बसले होते, काही बोलले नाहीत, फक्त तिसरा टाकला तेव्हा मान हलवली. फेरी संपल्यावर उतरले, चालत पुढे गेले आणि मला बॉनेट उघडायला लावलं. मग वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुलीकडे बघत म्हणाले, "दाब." मी क्लच दाबला. "सोड." सोडला. "परत दाब." असं पाच-सहा वेळा. "हलत नाही," ते म्हणाले, आणि रुमालानं पुलीवरची धूळ पुसली.

एक थरथर राहिली आहे, साधारण पंचेचाळीसच्या स्पीडला सीटच्या खाली येते आणि पन्नासला जाते. कोन परत मोजले, बरोबर आहेत, म्हणजे शाफ्टचा बॅलन्सच पक्का झालेला नाही. या रविवारी शाफ्ट उतरवून दुसरीकडे बॅलन्सला देतोय, सकाळी लवकर निघतो म्हणजे दुपारपर्यंत परत बसवता येईल, बाबा म्हणाले मीही येतो.